न उघडलेला लखोटा

२०२४ सालच्या श्रावणातील गोष्ट. शुद्ध अष्टमीचा मंगळवार होता. धाकट्या सुनेची मंगळागौर आमच्या घरी झाली. रनाळ्यातल्या आणि नंदुरबारच्या मिळून पंधरा-वीस मुली-सुना जमल्या होत्या. झिम्मा-फुगड्यांनी माजघर दणाणून गेले, आणि घर निजले तेव्हा पहाटेचे तीन वाजून गेले होते. बुधवारी सकाळी संध्या आटोपून मी ओसरीवर येऊन टेकतो न टेकतो तोच पुण्याहून पुतण्याचा फोन आला. हा माझ्या थोरल्या बंधूंचा मुलगा. एका कंपनीत संगणकांची राखण करणे हाच त्याचा चरितार्थ. एरवी तो रविवारी फोन करतो आणि आरंभी घरातील प्रत्येकाची नावानिशी चौकशी करतो. त्या दिवशी मात्र त्याने पहिलाच प्रश्न टाकला, "आप्पा, घरात सगळे मिळून संगणक किती आहेत?"

मी म्हटले, "अरे, मंगळागौर कशी झाली ते तरी आधी विचार."

"ते वहिनीला मागाहून विचारतो. संगणक किती ते सांगा. रात्री एक दुरुस्ती आली आहे, ती प्रत्येक यंत्रावर आजच चढली पाहिजे. उद्या झेंडावंदन, परवा आणखी काही, असे नको."

मी मनाशी मोजून चार म्हणून सांगितले. तो क्षणभर थांबला. त्याच्या ओठांवर आणखी एक वाक्य आले होते, आणि ते तो उच्चारणार नाही हेही मला ठाऊक होते. गेल्या सात वर्षांत त्याने ते एकदाही उच्चारलेले नाही. ते वाक्य कोणते हे वाचकांस कळावे म्हणून मला २०१७ सालाकडे, आणि त्याहीपूर्वीच्या दोन वर्षांकडे जावे लागेल.

माझ्या वहिनीस, म्हणजे ह्याच पुतण्याच्या आईस, जात्यावरच्या ओव्या शेकड्यांनी पाठ होत्या. तिचे माहेर तापीकाठचे. काही ओव्या शुद्ध मराठीत, काही अहिराणीत, तर काहींत दोहोंची अशी सरमिसळ की कोणता शब्द कोठला हे सांगता येऊ नये. मी जन्मभर मुलांकडून शब्दरूपे आणि धातुरूपे घोकून घेतली. परंतु स्वतःच्या स्वयंपाकघरातले हे धन साठीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत माझ्या दृष्टीस पडले नाही. मग मात्र मी हट्टाने उतरवून घेऊ लागलो. दोन वह्या भरल्या. त्यांत सुमारे सव्वादोनशे ओव्या आल्या. पुढे वहिनी अंथरुणास खिळली. आवाज क्षीण झाला, एक ओवी अर्ध्यावर सोडून ती दुसरीच सुरू करी, आणि माझी लेखणी मागे पडू लागली. तेव्हा मुलाने मला संगणकावर देवनागरी टंकलेखन शिकविले. तिच्या खाटेशेजारीच यंत्र मांडले आणि ती म्हणेल तसे मी उतरवीत गेलो. अशा एकशे ऐंशी ओव्या झाल्या. त्या वहीत कोठेही नव्हत्या. २०१५ च्या मार्गशीर्षात वहिनी गेली.

आता माझा अपराध सांगतो. एके दिवशी दुपारी तिला जरा हुशारी होती. सहा ओव्या झाल्या, सातवी तिने उचलली, आणि नेमके त्याच वेळी यंत्राने आपण होऊन काम थांबविले. अद्ययावत करण्याचे काम चालू आहे, इतके टक्के झाले, यंत्र बंद करू नका, असा मजकूर पडद्यावर आला आणि पाऊण तास तसाच राहिला. तेवढ्यात वहिनीस धाप लागली, तिचा डोळा लागला. संध्याकाळी जागी झाल्यावर ती सातवी ओवी तिला काही केल्या आठवेना. मी संतापलो. त्या काळी आमच्याकडे इंटरनेट मोजून-मापून मिळे. ह्या दुरुस्त्या महिन्याचा निम्मा साठा गिळून टाकीत, हीही तक्रार होतीच. मी मुलास सांगून ती सारी व्यवस्था कायमची बंद करविली. ह्यात आपण काही अविचार करीत आहो असे मला मुळीच वाटले नाही. उलट घरातल्या एका उपद्रवाचा बंदोबस्त केल्याचे समाधान वाटले.

२०१७ चा गुढीपाडवा मार्चअखेर आला होता. पुतण्या सुट्टीवर घरी आलेला. पंगत उठल्यावर तो म्हणाला, "आप्पा, १४ तारखेला मायक्रोसॉफ्टने एक फार मोठे ठिगळ दिले आहे. बाकीचे राहू द्या, तेवढे तरी लावू द्या." मी उत्तर दिले, "ह्या ठिगळांनीच तुझ्या आईची एक ओवी खाल्ली. शिवाय मी अनोळखी पत्र उघडीत नाही, भलत्या ठिकाणी बोट लावीत नाही. मला कसली भीती?" त्याने एकदा समजावून पाहिले. मग वडिलधाऱ्याशी सणाच्या दिवशी हुज्जत नको म्हणून तो गप्प बसला.

१२ मे २०१७, शुक्रवार. वैशाखातले ऊन, सायंकाळचे सहा वाजले तरी भिंती तापलेल्याच होत्या. आमच्या घराला लागून तेव्हा एक संगणक-सेवेचे दुकान होते आणि तेथूनच एक निळी तार आमच्या माजघरात आली होती. तिच्यातूनच आम्हांस इंटरनेट मिळे. मी देवापुढे दिवा लावण्याच्या तयारीत असता दुकानातला मुलगा धावत आला आणि दारातूनच ओरडला, "आप्पा, तुमनाबी लाल व्हयना का?" मी जाऊन पाहतो तो पडद्यावर तांबडी चौकट. तुमच्या सर्व फायली कुलूपबंद केल्या आहेत. तीनशे डॉलर भरा. तीन दिवसांनी रक्कम दुप्पट होईल, सात दिवसांनी फायली कायमच्या गेल्या असे समजा. शेजारी घटका मोजणारे घड्याळ. हा मजकूर अठ्ठावीस भाषांत वाचण्याची सोय केलेली होती. मराठी त्यांत नव्हती, हिंदीही नव्हती. तीनशे डॉलर म्हणजे तेव्हाचे सुमारे एकोणीस हजार रुपये. मी घाबरून बटण दाबले आणि यंत्रच बंद करून टाकले. ओव्यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर होती. परंतु ती काडी यंत्रातच खोचलेली असे, तेव्हा तिच्यावरील फायलींसही तेच कुलूप बसले.

ह्या उत्पाताचे नाव वॉनाक्राय. थोड्याच दिवसांत तो दीडशे देशांत पसरला आणि दोन लाखांहून अधिक संगणक त्याने ग्रासले. इंग्लंडातील रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस दलाच्या काही संगणकांनाही बाधा झाल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले. इंग्लंडातीलच मार्कस हचिन्स नावाच्या बावीस वर्षांच्या तरुणाने त्याला आवर घातला. पसरण्यापूर्वी हा कृमी एका विचित्र नावाचा पत्ता इंटरनेटवर अस्तित्वात आहे की नाही हे पाहत असे, असे त्याच्या ध्यानी आले. त्याने तो पत्ता पावणेअकरा डॉलरांच्या आत विकत घेऊन नोंदविला, आणि कृमीचा पुढचा प्रसार थांबला. आपल्या घड्याळात त्या वेळी रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते. आमचा संगणक सहाला गेला होता.

आणखी एक सल आहे. आठवडाभरात काही फ्रेंच अभियंत्यांनी एक तोड काढली. यंत्र बाधा झाल्यापासून बंद केलेले नसेल, तर कुलपाच्या किल्लीचे अंश त्याच्या तात्पुरत्या स्मृतीत उरलेले असतात आणि त्यांवरून किल्ली पुन्हा घडविता येते. विंडोजच्या सातव्या आवृत्तीवरही, म्हणजे आमच्या यंत्रावरही, ही तोड चालू शकत होती. मी ते घाबरून बंद केले होते. बाधा झाल्यास जोडणीची तार उपटावी, पण यंत्र तसेच चालू ठेवून जाणत्यास विचारावे, हे मला तेव्हा कोणी सांगितलेले नव्हते.

पुतण्याला मी फोनवर कळविले तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "असू द्या आप्पा. दोन वह्या आहेत ना?"

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला, तो असा की, मी चुकलो तरी नक्की कोठे? मी कोणतेही पत्र उघडले नव्हते. कोणाला परवलीचा शब्द सांगितला नव्हता. हल्ली फोनवरून ओटीपी मागून लोकांस लुबाडतात, त्यात निदान आपण तोंडाने आकडे सांगितलेले असतात; येथे मी यंत्रास स्पर्शही केलेला नव्हता. नलोपाख्यान शिकविताना मी मुलांस सांगत असे की, कली नळाच्या पाठीस लागून बारा वर्षे टपून बसला, आणि एके दिवशी नळराजाने पाय न धुता संध्या केली तेवढ्या फटीतून तो आत शिरला. म्हणजे नळाच्या हातून अल्प का होईना, प्रमाद घडावा लागला. ह्या नव्या प्रकारात नळाने पाय घासून घासून धुतले तरी कली आत येतोच. कारण फट नळाच्या आचरणात नसून वाड्याच्या भिंतीत, बांधणाऱ्याच्या हातून राहून गेलेली असते.

ती फट कशी असते हे पुतण्याने मला मागाहून समजावून दिले. वाड्याच्या देवडीवर भालदार असावा तसा प्रत्येक संगणकात एक भाग असतो. बाहेरून आलेला लखोटा घ्यावयाचा, त्यावरचा पत्ता आणि आतील पृष्ठसंख्या पाहावयाची आणि तो योग्य जागी पोचवावयाचा, एवढेच त्याचे काम. यजमान निजलेले असोत की परगावी गेलेले असोत, भालदार आपले काम करीतच असतो. आता हा भालदार मोजणीत कच्चा असेल, आणि एखाद्याने मुद्दाम खोट्या मोजणीचा लखोटा पाठविला, तर तो गोंधळून त्यातील मजकूर नुसता पोचवीत नाही, तर तो धन्याचीच आज्ञा समजून अमलात आणतो. लखोटा कोणी उघडावा लागत नाही. वॉनाक्रायच्या वेळी ही चूक एका जुन्या बोलीत होती; एका घरातील संगणकांनी एकमेकांच्या फायली वापराव्यात, एकाच छपाईयंत्रावर छापावे, म्हणून ही बोली १९८० नंतरच्या दशकात घडविली गेली होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने ही फट हेरून तिचे हत्यार करून ठेवले होते आणि ते चोरीस जाऊन एप्रिल २०१७ मध्ये चव्हाट्यावर आले, असे सर्वत्र मानले जाते. ज्याच्या घराचे कुलूप सदोष आहे त्यास सांगावयाचे सोडून त्याची किल्ली बनवून खिशात ठेवावयाची, ह्या नीतीस काय म्हणावे हे मला कळत नाही. परंतु त्या संस्थेवर राग काढून मी सुटत नाही. ठिगळ १४ मार्चला आले होते आणि कली १२ मेला आला. मधले जवळजवळ दोन महिने माझे होते.

माझ्यासारख्या खेडवळ मास्तराची ही गोष्ट म्हणून कोणी हसेल, तर त्याने न्हावा-शेवा येथे काय झाले ते पाहावे. आमच्या प्रसंगानंतर दीडच महिन्याने, २७ जून २०१७ रोजी, नॉटपेट्या नावाचा दुसरा उत्पात झाला. त्याने तीच फट वापरली, आणि शिवाय यंत्रातले परवलीचे शब्द चोरून ज्यांनी ठिगळ लावले होते अशा यंत्रांतही तो शिरला. जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क ह्या डॅनिश कंपनीच्या गटाकडे चालविण्यास असलेले एक टर्मिनल आहे. तेथले संगणक बंद पडले. हजारो पेट्यांपैकी कोणती कोठे आहे आणि कोणत्या गाडीवर चढवावयाची हे सांगणारे यंत्रच मुके झाल्यावर काम हाताने नोंदी करून रेटावे लागले आणि मालमोटारी खोळंबल्या. त्या कंपनीस जगभरात मिळून पंचवीस ते तीस कोटी डॉलरांची तूट आली. चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले, असे तिच्या अध्यक्षांनीच जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले.

ह्या कथेतील एक उपकथा मला फार आवडते. कंपनीच्या सर्व संगणकांची ओळखपाळख ज्या मुख्य नोंदवह्यांत होती, त्या जगभरच्या सगळ्या प्रती एकाच वेळी नष्ट झाल्या. एकच वाचली, ती आफ्रिकेतील घाना देशातली. कारण उत्पाताच्या घटकेस तेथली वीज गेलेली होती! भारनियमनास जन्मभर शिव्या देत आलेल्या आम्हां नंदुरबारकरांस हे वाचून काय वाटले असेल, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

परंतु ह्याच नॉटपेट्याने माझ्या पश्चात्तापात एक गाठ मारून ठेवली. तो जगात शिरला तो युक्रेन देशातील हिशेबाच्या एका आज्ञावलीच्या दुरुस्तीतूनच. म्हणजे लोकांनी निमूटपणे ठिगळ लावून घेतले आणि ठिगळातच विष होते. मी पुतण्यास विचारले, "मग मी बंद केले ते बरेच केले की नाही?" तो म्हणाला, "आप्पा, विहिरीत एकदा कोणी विष कालवले म्हणून माणसे पाणी पिणे सोडीत नाहीत. पण एक घागर निराळी भरून ठेवतात." हे उत्तर मला संपूर्ण पटले असे म्हणता येत नाही. तथापि दुसरे उत्तर माझ्यापाशी नाही, आणि निराळी घागर मात्र तेव्हापासून आमच्या घरी भरलेली असते. महत्त्वाच्या मजकुराची प्रत एका स्वतंत्र तबकडीवर उतरवून ती तबकडी यंत्रापासून सोडवून कपाटात ठेवितो. सोडवून, हे महत्त्वाचे.

आता २०२४ च्या त्या बुधवारी आलेली दुरुस्ती कसली होती? इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रास पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत सुमारे चारशे तीस कोटी पत्ते होते. जगाला ते पुरेनात, म्हणून नवी पद्धत निघाली. तिच्यातील पत्त्यांची संख्या एकोणचाळीस अंकी आहे. आमच्याच खानदेशातील पाटणच्या शिलालेखात ज्यांच्या वंशाची कीर्ती कोरलेली आहे त्या भास्कराचार्यांनी 'लीलावती'त परार्धापर्यंत, म्हणजे एकावर सतरा शून्यांपर्यंत, स्थाने सांगितली आहेत. परार्धास परार्धाने गुणिले तरी हे पत्ते त्याहून सुमारे चौतीस हजार पटींनी अधिक भरतात! (हा गुणाकार मी त्या दिवशी तीन वेळा करून पाहिला, विषयास तो आवश्यक होता असे नाही.) आपल्या देशात मोबाइलवरचे इंटरनेट फार मोठ्या प्रमाणावर ह्या नव्या पद्धतीवरच चालते, म्हणून ही गोष्ट रनाळ्यासही तितकीच लागू.

विंडोजमधील भालदाराची ह्या नव्या पत्त्यांचे लखोटे मोजताना एक चूक होत होती, असे शियाओ वेई नामक चिनी संशोधकास आढळून आले. चूक वजाबाकीची. तीनातून पाच वजा केले तर आपण उणे दोन म्हणतो; परंतु यंत्रातील काही मोजण्यांस उणे ही संख्याच ठाऊक नसते. ती मोजणी शून्यापाशी अडून थांबत नाही, तर घड्याळाचा काटा उलटा फिरवावा तशी शेवटच्या टोकास जाते, आणि उणे दोनऐवजी, समजा, ६५,५३४ असे उत्तर देते. मग दोन पाने येणे बाकी आहे की साठ-पासष्ट हजार, हे भालदारास कळत नाही, आणि त्याच गोंधळात परक्यास शिरकाव मिळतो. इयत्ता तिसरीत ज्याने मोठी संख्या लहानातून वजा केली त्याचे कान मी पिळलेले आहेत. जगातील कोट्यवधी संगणकांत तीच चूक निघावी, ह्याचे मला मोठे नवल वाटले. तीव्रतेच्या मापनात तिला दहापैकी ९.८ गुण मिळाले. विंडोजच्या प्रचलित अशा सर्व आवृत्त्यांस ती लागू होती. अधिक वाईट असे की, संगणकातील पहारेकऱ्यास ह्या लखोट्यांस अडवा असे सांगूनही उपयोग नव्हता. कारण गोंधळ पहारेकऱ्यापर्यंत लखोटा पोचण्यापूर्वीच होई, असे त्या संशोधकानेच सांगितले. अनर्थाची जाणीव असल्यामुळे आपण तूर्त अधिक तपशील प्रसिद्ध करणार नाही, असेही त्याने जाहीर केले. विद्येसोबत हा संयम असला म्हणजे बरे वाटते.

उपाय दोनच. दुरुस्ती चढवावी, आणि ती चढेपर्यंत ही नवी पत्त्यांची पद्धत त्या यंत्रापुरती बंद ठेवावी, किंवा तारच काढावी.

मी बारावीतल्या नातीस हाताशी घेतले आणि ओसरीवर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पुतण्यास मी चार सांगितले होते. माजघरातला माझा, थोरल्या सुनेचा शाळेच्या कामाचा, नातीचा, आणि धाकट्या मुलाचा. नातीने राउटरला जोडलेल्या यंत्रांची यादी काढली आणि हसू लागली. "आजोबा, चार कुठले? सात आहेत." माडीवर धाकट्या सुनेचा लॅपटॉप, माहेराहून आलेला, तो माझ्या हिशेबातच नव्हता. मंगळागौरीस आलेली तिची बहीण आपला कचेरीचा लॅपटॉप घेऊन आली होती आणि पहाटे निजण्यापूर्वी तिने तो आमच्या इंटरनेटला जोडला होता. सातवा तर मी स्वतः विसरलो होतो. गावातील एका वाचनालयाची पुस्तकांची यादी मी घरी बसून करीत असे, त्याचा जुना संगणक कोठीघरात होता. पुतण्याने पहिला प्रश्न "किती?" असा का विचारला ते तेव्हा कळले. घरातील तांब्याच्या भांड्यांची मोजदाद आमच्या घरी दर दिवाळीस होते. संगणकांची कधी झाली नव्हती. रात्री निजण्यापूर्वी मागच्या दाराची कडी लावली का, हे विचारण्याचे काम आधी आईकडे होते, मग वहिनीकडे आले. ह्या सात दारांच्या कड्यांचे काम कोणाकडेच नव्हते.

पाऊस लागलेला होता. अकराला वीज गेली, ती दीडला आली. नातीने तोवर लॅपटॉपांवर नवी पद्धत बंद करून टाकली. कोणाचेही काम त्याने अडले नाही. वीज आल्यावर एकेक दुरुस्ती उतरू लागली. माझ्या यंत्रावर ती पुन्हा तोच मजकूर दाखवू लागली, इतके टक्के झाले, यंत्र बंद करू नका. मी खुर्ची ओढून त्यापुढे बसून राहिलो. नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही बसून काय होणार? जेवून घ्या." मी उठलो नाही.

पाहुण्या मुलीच्या लॅपटॉपवर कचेरीच्या परवानगीवाचून काहीच बदलता येईना. तेव्हा तिने तो मिटून पिशवीत घातला आणि कचेरीत गेल्यावरच उघडीन असे कबूल केले. वाचनालयाच्या यंत्राची गोष्ट निराळी होती. त्यावर विंडोजची सातवी आवृत्ती. तिच्या दुरुस्त्या जानेवारी २०२० पासूनच थांबलेल्या. मी एका विश्वस्तांस फोन केला. ते म्हणाले, पुढच्या सभेत विषय घेऊ, ठराव करू. मी बरे म्हटले, फोन ठेवला आणि ठरावाची वाट न पाहता तार उपटली. सायंकाळी सातच्या सुमारास पुतण्यास कळविले. त्याने मंगळागौरीची सविस्तर चौकशी केली.

त्या महिन्याअखेर, ह्याच चुकीवरून समोरचा संगणक बंद पाडून दाखविणारा एक नमुना प्रसिद्ध झाला. मोठा अनर्थ मात्र ऐकिवात आला नाही. म्हणून कोणी आम्हांस विचारले की, एवढी धावाधाव व्यर्थच झाली ना, तर झालीही असेल. आमच्याच जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. तेव्हापासून शिधा, निवृत्तिवेतन, हयातीचा दाखला, सारे ह्याच तारांतून येऊ-जाऊ लागले आहे. वॉनाक्रायच्या वेळी माझ्या ओव्या गेल्या. दुसऱ्या कोणाचे निवृत्तिवेतन जाईल. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या देते. आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. म्हणून बुधवारी सकाळी नात सर्व यंत्रे पाहते आणि दिनदर्शिकेवर खूण करते. ती पुढे शिकावयास गेली की हे काम धाकट्या सुनेने घ्यावयाचे ठरले आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोजच्या दहाव्या आवृत्तीचा नेहमीचा आधार संपला. माझे जुने यंत्र अकरावी आवृत्ती पेलू शकत नाही. त्या दिवाळीस पुतण्या घरी आला तेव्हा त्यानेच वाकून माझ्या यंत्राची तार काढली. आता ते केवळ टंकलेखनास आहे. कपाटात २०१७ ची कुलूपबंद तबकडी अजून आहे. तिला टाकून द्यावयास मन होत नाही. पाडव्याच्या दुपारी तो म्हणाला, "आप्पा, वह्या आणा." मी दोन्ही वह्या आणल्या. आई दळताना काय म्हणत असे ते आठवून आठवून तो सांगू लागला आणि मी टंकलेखन करू लागलो. संध्याकाळपर्यंत अकरा ओव्या झाल्या. काही पुऱ्या, काही अर्ध्या. वह्यांशी ताडून पाहिल्या, तो त्यांतील दोन आधीच उतरविलेल्या निघाल्या.